डावीकडचं चित्र

४ सप्टेंबर

निवृत्त झाल्यावर डायरी सोडून दिली होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता काम आलंय, म्हणून पुन्हा लिहायला घेतो.

काल स्टुडिओच्या वहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान, म्हणजे आमचा फोटोवाला, जाऊन वर्ष होत आलं. त्याच्या कपाटातले सगळे स्टिरिओ कॅमेरे मी तपासावेत आणि कुठला काय लायकीचा आहे ते सांगावं, अशी त्यांची इच्छा आहे. "तुमच्याशिवाय यातलं कळणारं आहे कोण, भाऊजी?" असं म्हणाल्या.

ते खरंच आहे. दोन भिंगांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचं वेड लागलेले आम्ही दोघंच होतो. तो फोटो काढायचा, मी कॅमेरे जमवायचो. एकाच झटक्यात दोन चित्रं निघतात, आपल्या दोन डोळ्यांत असतं तेवढ्या अंतरावरून. ती जोडीने स्लाइडमध्ये बसवायची आणि व्ह्यूअरला डोळे लावायचे. दोन्ही चित्रं एक होतात, आणि सपाट फोटोतला माणूस उठून समोर उभा राहतो. पण तो गेल्यापासून मी माझं कपाट उघडलेलं नाही. कौतुक करायला कुणी नसलं की हात जात नाही.

माझी नोकरी वजनमापं तपासण्याची. तीस-एक वर्षं दुकानदारांचे तराजू, मापं, मोजपट्ट्या तपासल्या. तराजू खोटा असला की मला पायरीवरूनच वास यायचा. तेव्हा हे काम मला जड नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "आधी चष्म्याचा नंबर बघून घ्या." हिचं हे कधीपासून चाललंय. चष्म्याच्या दुकानाला लागून कापडाचं दुकान आहे, ते मला माहीत आहे.

७ सप्टेंबर

स्टुडिओत जाऊन आलो. पुढची खोली तशीच आहे. रंगवलेला पडदा, फिरतं स्टूल, छत्रीचे दिवे. कॅमेरे मागच्या खोलीत. वहिनींनी एकेक मऊ फडक्याने पुसून टेबलावर मांडून ठेवला होता. मी प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचं ठरवलंय. चालू, दुरुस्तीलायक, किंवा नुसता शोभेचा. किंमत या तीन शब्दांवर ठरते. बाकी काय, चामडं, डबी, पट्टा, ते पुढचं.

काळ्या कॅमेऱ्याला शेवटी हात लावला. बाकीचे सगळे चकचकीत रुपेरी, हा एकटा नखशिखांत काळा. असे फार थोडे निघाले. फोटोवाला तो मलाही हातात द्यायचा नाही, म्हणायचा, "बघ, पण लांबून." दोन्ही शटर एका दमात उघडतात. भिंगांत बुरशीचा ठिपका नाही. मागे फिल्मच्या जागी दुधी काच लावून पाहिली, दोन्ही चित्रं सारखी.

मग त्याच कॅमेऱ्याने काढलेली एक स्लाइड व्ह्यूअरमध्ये घातली आणि चक्रावलो. वहिनी पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या आहेत. उजवं चित्र स्वच्छ. डाव्या चित्रात कठडा मधोमध वाकलेला, कुणी चिमटीत धरून ओढल्यासारखा. दोन्ही चित्रं जुळतच नाहीत. एकापाठोपाठ दुसरी, तिसरी स्लाइड घातली. सगळ्यांचं तेच.

दुधी काचेवर ठीक आणि फिल्मवर वाकडं, असं कसं? डोकं चालेना.

उतरताना स्टुडिओच्या शेवटच्या पायरीवर तोल गेला. त्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. कधीतरी मोजून बघायला हव्यात.

१२ सप्टेंबर

कारण सापडलं. फिल्म दाबून धरणारी पट्टी डावीकडे सैल पडली असणार. फिल्म फुगते, चित्र वाकतं. दुधी काच फिल्मसारखी फुगत नाही, म्हणून तिच्यावर कळत नाही. सरळ हिशेब आहे. ती पट्टी आता कुठेच मिळायची नाही. काळ्याला 'नुसता शोभेचा' ही चिठ्ठी बांधताना हात जरा थबकला, पण तपासणीत भीडभाड चालत नाही.

आज ही बरोबर आली होती. वहिनींनी व्ह्यूअरला डोळे लावले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मला तर नीट दिसतंय, भाऊजी."

"सवय झाली की चुका दिसत नाहीत, वहिनी," मी समजावलं. "तुम्ही घरच्या. मी बाहेरून बघतो."

"पण हे तर किती अभिमानाने दाखवायचे सगळ्यांना."

"त्याला कळलं असणारच. बिघडलेल्या फेकून देत असेल, त्यातल्या त्यात बऱ्या तेवढ्या दाखवत असेल. माणूस आपल्या चुका कपाटात ठेवत नाही."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी चहा बशीत ओतायला गेलो तर थोडा टेबलावर सांडला. बशी फारच उथळ होती. हिने बशी बाजूला करून कप माझ्या हातात दिला.

हिचे गुडघे दुखायला लागलेत बहुतेक. पायऱ्या उतरताना माझं डावं कोपर घट्ट धरून उतरते. विचारलं तर "छे, कुठे काय" म्हणते. वय झालं हे मान्य करणं माणसाला जड जातं.

२० सप्टेंबर

जुन्या वस्तूंच्या दुकानाचा दाढीवाला स्टुडिओत येऊन गेला. शोभेच्या चिठ्ठीचे तीन कॅमेरे त्याने उचलले, त्यात काळा होता. दुकानाच्या काचेत मांडायला म्हणून घेतले. वहिनींनी घासाघीसही केली नाही. मी हजर होतो. काळा खोक्यात जाताना त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, चालू कॅमेरे तर आपल्याकडे आहेत ना. त्या "हो" म्हणाल्या.

माणसं वस्तूंत फार जीव अडकवतात.

३ ऑक्टोबर

आज वर्षाने माझं कपाट उघडलं. हात शिवशिवत होते. सर्वांत आवडती स्लाइड काढली, लग्नानंतर आम्ही डोंगरावर गेलो होतो ती. पुढे ही दगडावर बसलेली, मागे दरी. त्या दरीत बघताना पोटात गोळा यायचा.

आज आला नाही. दगड डावीकडे चेपलेला, हिचा चेहरा मधून गायब, दरी नुसती कागदावर काढलेली. दुसरी घातली, तिसरी घातली. सगळ्या डावीकडे वाकड्या.

माझ्या कॅमेऱ्याची पट्टी तर घट्ट आहे. मी स्वतः बसवली आहे.

४ ऑक्टोबर

स्लाइड उलटी फिरवून घातली, म्हणजे डावं चित्र उजवीकडे गेलं. तरी वाकडेपणा डावीकडेच. म्हणजे स्लाइड निर्दोष, व्ह्यूअर दोषी. आनंद झाला. व्ह्यूअर उघडला, डावं भिंग उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं. तरी डावीकडेच.

मग जुना दुसरा व्ह्यूअर काढला. तोही डावीकडे.

दोन वेगवेगळे व्ह्यूअर एकाच बाजूने बिघडतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि खरोखरच मुरतंय. कपाटाची डावी बाजू बाहेरच्या भिंतीला आहे, तिथे ओल येते. आजच कपाट पुढे ओढलं. हिने एका हातानं धरलं, दुसऱ्यानं मला. म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून या ना. मी येते बरोबर."

मी म्हटलं, डोळे ठीक आहेत, पेपर वाचतो मी अजून, बारीक अक्षरांसकट. ते तर खरंच आहे.

रात्री झोपताना एक विचार आला आणि गेला नाही. मग काळ्याचं काय? त्याचाही दोष व्ह्यूअरचा असेल तर? पण स्टुडिओतलं कपाटही बाहेरच्या भिंतीलाच आहे. असो. एकदा निकाल दिला की मागे फिरून बघू नये, असं आम्हाला नोकरीत शिकवलं होतं.

१९ ऑक्टोबर

व्ह्यूअर चुलीजवळ ठेवून सुकवला. फरक नाही. उलट उजव्या भिंगाला वाफ धरली.

आज पेट्रोल पंपावर वळताना स्कूटर खांबाला घासली. खांब फार पुढे रोवलाय. हिने किल्ली कुठेतरी ठेवली आणि आता तिला सापडत नाही. हिचा विसराळूपणा वाढलाय. चालतच जातोय सगळीकडे.

१४ नोव्हेंबर

आजच लिहून ठेवतो.

बाजारातून येताना दाढीवाल्याच्या दुकानासमोर थांबलो. काचेच्या मधोमध, मखमलीवर, काळा. खाली पाटी: 'दुर्मिळ. उत्तम चालू स्थितीत.' माझं डोकंच फिरलं. नुसता शोभेचा म्हणून नेला आणि चालू म्हणून विकतोय. असली माणसं मी आयुष्यभर पकडलीत. आत शिरलो. भिंतभर घड्याळं, रेडिओ, टंकयंत्रं. एक बाई घड्याळ निवडत होत्या.

"ही पाटी काढा," मी म्हटलं. "तो कॅमेरा चालू नाही."

दाढीवाला चिडला नाही. "काका, मलाही आधी तसंच वाटलं. तुमची चिठ्ठी होती ना. पण म्हटलं, एक रोल टाकून बघू. बघा तुम्हीच."

त्याने व्ह्यूअर दिला. याच दुकानातली घड्याळांची भिंत होती. उजवं चित्र ठीक. डावीकडे मधलं घड्याळ पिळवटलेलं.

"हे काय आहे मग?" मी त्याच्यापुढे व्ह्यूअर धरला. "सरळ दिसतंय हे तुम्हाला?"

त्याने पाहिलं. माझ्याकडे, मग व्ह्यूअरमध्ये, मग परत माझ्याकडे. त्या बाईंना म्हणाला, "ताई, जरा बघता का?" त्यांनी बघितलं आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला, हवेत काहीतरी धरायला. "लंबक हाताला लागेल असं वाटतंय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "यांना सवय नाही."

तेव्हा दाढीवाला गल्ल्यामागून बाहेर आला. "काका, राग मानू नका. उजवा डोळा हातानं झाका, आणि माझ्याकडे बघा."

मी कशासाठी ऐकलं कोण जाणे. झाकला. दाढी दिसली. कान दिसले. मधे, जिथे नाक आणि तोंड असतं, तिथे करडं काहीतरी होतं, भिजून फुगलेल्या कागदासारखं. मान वळवली तर ते माझ्याबरोबर वळलं. घड्याळाकडे पाहिलं, त्याला काटे नव्हते. दुसऱ्याकडे पाहिलं, त्यालाही नव्हते. मी हात बदलला, डावा झाकला. सगळी घड्याळं जागेवर, सगळ्यांना काटे.

"कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "काय कधीपासून आहे?" आणि खाली बसलो.

त्याने पाणी दिलं आणि चौकापर्यंत सोडायला आला. मी तर मघाशी त्याला लबाड ठरवला होता.

१५ नोव्हेंबर

हिला सांगितलं. ही हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसली.

"मला वाटतच होतं," ही म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"चष्मा, चष्मा म्हणून घसा कोरडा पडला माझा. तुम्ही कापडाच्या दुकानावर येऊन थांबायचात."

स्कूटरची किल्ली डब्यातून काढून समोर ठेवली. मी ती उचलली नाही.

१८ नोव्हेंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. हनुवटी टेकवली, थेंब घातले, मग एक चौकटींचा कागद हातात दिला. "एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात सांगा." उजव्याने सगळ्या रेघा सरळ. डाव्याने मधल्या रेघा आत ओढलेल्या, आणि ठिपका नाहीच. पुलाचा कठडा असाच वाकला होता. डोंगरावरचा दगडही.

"डोळ्याच्या पडद्याला बरोबर मधोमध भोक पडलंय," त्या म्हणाल्या. "जुनं आहे. लवकर आला असतात तर ऑपरेशनचा उपयोग झाला असता. आता फारशी आशा दाखवत नाही मी."

"पण मला समजलं कसं नाही?"

"उजवा चांगला आहे ना. तो दोघांचं काम करत होता. वाचायला एक डोळा पुरतो. फक्त लांब-जवळ कळायला दोन लागतात."

लांब-जवळ. हेच तर आयुष्यभर लोकांना व्ह्यूअर देऊन सांगत आलो.

दिवसभर डोक्यात तेच फिरतंय. व्ह्यूअर बदलला, भिंगं बदलली, स्लाइड फिरवली, कपाट ओढलं. बदलला नाही तो एकच, बघणारा. इतकी वर्षं कुणाची मापं खोटी ठरवली असतील? डोळा तेव्हा चांगला होता, हे मला माहीत आहे. तरी एका म्हाताऱ्या दुकानदाराचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही. तो सारखा म्हणत होता, "साहेब, पुन्हा एकदा बघा." मी पुन्हा पाहिलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

वहिनींकडे गेलो. एकटाच जाणार होतो, ही म्हणाली, "मी खाली थांबते, पण येते." वर गेल्यावर मात्र आत आलीच.

सगळं सांगितलं. डोळ्याचं, चिठ्ठीचं, दाढीवाल्याच्या रोलचं. मला वाटलं होतं, अरेरे म्हणतील, नशीब म्हणतील.

"कॅमेऱ्याचं सोडा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "कॅमेरा गेला तर गेला. तुम्ही म्हणाला होतात, तो बिघडलेल्या फेकून देत असेल, बऱ्या तेवढ्या दाखवत असेल."

"बोलण्याच्या ओघात..."

"तुमचं ते एक वाक्य. तेव्हापासून मी सगळ्या स्लाइड पुन्हा पुन्हा बघतेय. वाटायचं, या माणसाने मला काय काय दाखवलं नाही. चाळीस वर्षांत कुठे कुठे बऱ्या तेवढ्या दाखवल्या. त्या पुलावर दिवसभर ऊन खात उभं केलं होतं मला, शंभरदा सांगत होता, हलू नकोस. आणि मी बसून विचार करतेय की त्यातली किती चित्रं खोटी होती."

मी चष्मा काढून पुसत बसलो.

"मला नीट दिसत होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या डोळ्यांना नीट दिसत होतं. मी बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, सवय झालीय. मग मलाच वाटलं, आपल्याला कळत नसेल."

हिने माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्या हातावर हात ठेवला. चहाचं कुणी काढलं नाही. निघताना मी म्हटलं, "मी तो परत आणतो." वहिनी म्हणाल्या, "आणा किंवा नका आणू." हे रागाने म्हणाल्या की थकून, ते मला समजलं नाही. हल्ली मला काय समजतं, हाही प्रश्नच आहे.

२६ नोव्हेंबर

दाढीवाल्याने स्पष्ट सांगितलं, काळ्याला गिऱ्हाईक ठरलंय. घेतल्या भावात परत द्यायला तो काही देवमाणूस नाही, त्याचंही पोट आहे. मी भाव विचारलाच नाही. पिशवीतून माझा पहिला कॅमेरा काढून समोर ठेवला. पहिल्या पगारात घेतलेला, डबी, पट्टा, व्ह्यूअर, सगळ्या मूळ वस्तूंसकट. असा पूर्ण संच काळ्याहूनही दुर्मिळ.

त्याने बराच वेळ उलटापालटा करून पाहिला. "चालू आहे?"

"मला विचारू नका," मी म्हटलं. "तुम्ही रोल टाकून बघा."

तो हसला. मग गिऱ्हाइकाला फोन लावून म्हणाला, काळ्याऐवजी याहून चांगली वस्तू आलीय, येऊन बघा. काळा मखमलीवरून उचलून माझ्या पिशवीत घातला. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. वाटलंच. पण चालताना पिशवी छातीशी धरली होती आणि ठेचकाळलो तरी सोडली नाही.

तसाच स्टुडिओत गेलो. वहिनींनी दार उघडलं, पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं. माझी चिठ्ठी अजून दोऱ्याला लटकत होती. दाढीवाल्याने काढली नव्हती, का कोण जाणे. वहिनींनी कात्री आणून ती कापली आणि माझ्या हातात दिली. "या," म्हणाल्या. आत या की आता जा, ते स्पष्ट होईना. मी गेलो.

५ डिसेंबर

माझ्या कपाटातले सगळे कॅमेरे आणि स्लाइड खोक्यांत भरायला घेतल्या. दाढीवाल्याला दाखवीन. ही मदत करत होती. डोंगरावरची स्लाइड हाताला लागली, मी ती हिच्याकडे दिली. "ही राहू दे. माझ्या उपयोगाची नाही, पण तू बघत जा. तुला तरी दिसतं."

ही स्लाइड हातात घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "मला कधीच दिसलेलं नाही."

"काय?"

"ती दरी. माझा एक डोळा लहानपणापासून आळशी आहे. नजर जातच नाही त्याच्यातून. मला दोन डोळ्यांनी एकत्र कधी दिसलंच नाही."

मी हिच्या डोळ्यांकडे पाहिलं. चांगले दोन्ही, टपोरे. इतक्या वर्षांत मी काय बघत होतो?

"लग्न ठरताना बाबा म्हणाले, विचारलं नाही तर सांगू नकोस. नंतर तुम्ही डोंगरावरून आल्यावर ही स्लाइड दाखवलीत, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मी म्हटलं, बाई गं, केवढी खोल. मग तेच चालू राहिलं."

"सगळ्या स्लाइडना?"

"सगळ्या."

मला राग यायला हवा होता की हसू, हेच ठरेना. थोडा राग आला. मग तो कुणावर काढायचा तेही कळेना.

म्हणून हिला माझं लक्षात आलं होतं. चहा बशीबाहेर सांडला तेव्हाच. पायऱ्यांवर कोपर धरायची ती गुडघ्यांसाठी नव्हे. डोळे दाखवा असं हिने ठासून सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, तुला कसं कळलं. ते हिला नको होतं.

संध्याकाळी हिने मला चहा ओतायला शिकवला. आधी किटलीचं तोंड कपाच्या कडेला टेकवायचं, हलकं वाजलं की मगच कलती करायची. पायरी उतरताना टाच मागच्या पायरीला घासत न्यायची. दार उघडं दिसलं तरी आधी हात पुढे. हिच्याकडे असं बरंच आहे. ही सगळं इतक्या सहज करते की मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या कपाला माझा थोडा सांडलाच.

२ जानेवारी

सकाळी वहिनींचा फोन. मी उचलला तर म्हणाल्या, "तिला द्या." दोघी बराच वेळ बोलल्या. मग ही म्हणाली, बदला कपडे, जायचंय.

वहिनींनी काळ्यात रोल भरला होता, स्वतः. यजमान भरायचे ते बघून बघून येत होतं म्हणे, कधी हात लावला नव्हता एवढंच. आम्हाला रंगवलेल्या पडद्यापुढे उभं केलं. "अंतर किती धरू?" त्यांनी मला विचारलं. मला वाटतं, महिन्याभरात माझ्याशी सरळ बोललेलं हे पहिलंच वाक्य.

"अंदाज नाही सांगणार, वहिनी. टेप असेल तर मोजून सांगतो."

त्यांनी टेप आणला. मी एक टोक हिच्या खांद्याशी धरलं, दुसरं त्या घेऊन गेल्या, आकडा त्यांनीच वाचला आणि भिंगावर लावला. "हलू नका," म्हणाल्या. दोन्ही शटर एका दमात उघडली. आवाजावरून कळतं ते, डोळा लागत नाही.

मग त्यांनी जुन्या स्लाइडची पेटी काढली आणि खिडकीपाशी बसून एकेक बघायला लागल्या. स्वतःसाठीच बघत होत्या, पण मोठ्यांदा सांगत होत्या. इथे नदी मागे आहे. इथे माझा पदर पुढे आलाय, कडेपर्यंत. इथे त्यांची सावली माझ्या पायाशी आहे, हे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघं ऐकत बसलो. निघताना म्हणाल्या, "रोल धुऊन आला की कळवते." काळ्याचं काय करणार, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे काही मागितलंही नाही.

येताना रस्त्यात मी हिला विचारलं. बरेच दिवस डोक्यात होतं. "तुला काहीच दिसत नव्हतं, तर इतकी वर्षं तासन्‌तास व्ह्यूअर धरून बसायचीस कशाला? कंटाळा आला असं म्हणायचंस. सुटली असतीस."

ही थोडी चालत राहिली. "तेवढा वेळ तुम्ही माझ्या शेजारी बसायचात," म्हणाली, "आणि कुणाचं काही चुकलंय असं म्हणायचा नाहीत."

मी म्हटलं, हे काय उत्तर झालं. ही हसली आणि भाजीच्या दुकानाकडे वळली. घरी आल्यापासून विचार करतोय. कुठून धरायचं ते समजत नाही. उद्या पुन्हा विचारीन.